‘मशीनला कधी हात लावलाय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

जुना सीएनसी लेथ (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं कातकामाचं मशीन) नव्या लॅपटॉपशी का बोलत नाही, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "दोनशे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर लावला की काम भागतं, एवढा पाल्हाळ कशाला? अर्थिंगवर एक अक्षर नाही. लेखकानं मशीनला कधी हात लावलाय का?" वर तीन हसणारे पिवळे चेहरे. मुद्दा मांडा की, हरकत नाही. चेहरे कशाला?

एक मान्य. लेखात स्टॉप बिट (डेटातल्या प्रत्येक अक्षरानंतरची थांब्याची खूण) १ लिहिलं गेलं, आमच्या मशीनला २ लागतात. दुरुस्त केलंय.

आता हाताचं. उद्यमनगरात वडिलांचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी तिथंच. शिव्याही तिथंच शिकलो, त्या इथं वापरत नाही एवढं लक्षात घ्या. आरएस-२३२ ची, म्हणजे लॅपटॉप आणि मशीन जोडणाऱ्या जुन्या सिरियल पोर्टची, केबल मी स्वतः सोल्डर केलीय. लॅपटॉपच्या ९ पिनांत २ वर डेटा येतो आणि ३ वरून जातो. मशीनच्या २५ पिनांत नेमकं उलटं. म्हणून २ ला २, ३ ला ३, ग्राउंड ५ ला ७. ‘क्रॉस केबल’ एवढं ऐकून कुणी २ आणि ३ उलटवले, की दोघंही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. मशीनकडच्या टोकाला ४-५ या पिना एकमेकींना आणि ६-८-२० एकमेकींना जोडायचं राहिलं तर मशीन नुसतं वाट बघत बसतं. हे वाचून येत नाही साहेब, बोटं भाजून येतं.

आणि तुमचा तो दोनशेवाला कन्व्हर्टर, लॅपटॉपच्या यूएसबीला हाच जुना पोर्ट जोडून देणारा! आम्हीही घेतला होता. लॅपटॉपवर विंडोज १० आलं आणि नव्या ड्रायव्हरनं त्यातली जुनी चिप ओळखायलाच नकार दिला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, तसाच मशीनच्या पकडीत, चकमध्ये. दुसरा आणला तो छोटे प्रोग्रॅम पाठवायचा. मोठा आला की मशीन ‘थांब’ म्हणायचं आणि हा आपला ओततच राहायचा. फॅनक कंपनीच्या जुन्या कंट्रोलवर ०८७ अलार्म म्हणजे बफर ओव्हरफ्लो, आलेला डेटा ठेवायची जागाच भरून वाहिली, तो बघितलाय का कधी? की ‘काम भागतं’ म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम गेला एवढंच?

अर्थिंग वगैरे वायरमनचं काम, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता.

कधी उद्यमनगरात आलात तर या. चहा माझा, केबल माझी. कन्व्हर्टर तेवढा तुमचा आणा.