रतीबाचं ॲप करताय? एक मीटिंग पुरे!

घरपोच दूध देणाऱ्या डेअरीचं ॲप घेतलंय ना करायला? रिक्वायरमेंटसाठी मालक, त्यांचा मेहुणा आणि तीन कटिंग एवढं बस्स. मालक म्हणतील, "स्विगीसारखं करा, पण साधं." हे वाक्य जसंच्या तसं डॉक्युमेंटात उतरवा आणि कोटेशन देऊन मोकळे व्हा.

पहाटे पिशव्या मोजणाऱ्या पोराकडे मात्र फिरकू नका. तो वही उघडेल: गायीचं अर्धा, म्हशीचं एक, 'पाहुणे, रविवारपर्यंत डबल', आणि जागोजागी गोल केलेले खाडे. मग नसते प्रश्न सुरू. खाडा किती वाजेपर्यंत सांगता येतो? गाडी चारला भरते, गिऱ्हाइकाने पावणेचारला सांगितलं तर ती पिशवी कुणाच्या खात्यात?

दराबद्दलही विचारू नका. दर फक्त मालाच्या तक्त्यात ठेवा, रोजच्या नोंदीत साठवू नका. १६ तारखेला लिटरमागे दोन रुपये वाढले, की आधीच्या पंधरा दिवसांचं बिलही आपोआप वाढेल. ही चूक गिऱ्हाइकं पहिल्याच बिलाला पकडतात, वेगळा टेस्टर नेमायला नको.

बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नेट जातं, हेही पोराकडूनच कळलं असतं. 'दिलं' दाबलं, नोंद सर्व्हरला पोचली, उत्तर वाटेत अडकलं, ॲपने नोंद पुन्हा पाठवली: एका पिशवीच्या दोन झाल्या. नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक दिला असता तर सर्व्हरने दुसरी ओळखून टाकून दिली असती. पण मीटिंगमध्ये बेसमेंट कुठे निघालं होतं!

'ॲप फास्ट हवं' असंच लिहा. 'स्वस्तातल्या अँड्रॉइडवर दोनशे घरांची यादी तीन सेकंदांत उघडावी' असं लिहिलंत, तर कुणीतरी घड्याळ लावून बसेल.

परवानग्यांचं शेवटी बघू. ओटीपीच्या एसएमएसचा मजकूर आणि हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर, नोंदवलेला नसेल, तर मेसेज अडतो. हे लाँचच्या आदल्या रात्री कळण्यात खरी मजा. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल, तर ते ॲपमधूनच डिलीट करायची सोयही ॲपलला ३० जून २०२२ पासून लागते. ती डॉक्युमेंटात नको, रिजेक्शनचं पत्र आलं की बघा.

आणि पाडव्याचा मुहूर्त बेलाशक कबूल करा. गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. मेहुण्याच्या ओळखीचे अकरा निघतात, त्यातल्या चौघांकडे आयफोन.