आई-वडील पर्यटक व्हिसावर ब्रिटनला जाणार असतील तर...

'ब्रिटनमध्ये उपचार मोफत' असं म्हटलं जातं, पण ते अर्धवट आहे. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो: प्रौढांना वर्षाला १०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६. पूर्ण वर्षं मोजून उरलेले महिने सहा किंवा कमी असतील तर त्यांचे वर्षाच्या निम्मे पैसे. म्हणून सोळा महिन्यांच्या विद्यार्थी व्हिसाला ११६४ पौंड पडतात.

पर्यटक व्हिसावर हा अधिभार नाही, आणि खरी फसगत इथेच होते. जीपी (म्हणजे नेहमीचे फॅमिली डॉक्टर) आणि अपघात विभागातली तपासणी फुकट, पण तिथून वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू, तोही एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या) दराच्या दीडपट. तातडीचे उपचार पैशांवाचून अडत नाहीत, बिल मात्र मागून येतंच. ५०० पौंड किंवा जास्त थकबाकी दोन महिने राहिली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

विमा घेताना नुसता मोठा आकडा बघू नका. साठीपुढच्यांच्या बऱ्याच स्वस्त पॉलिसींत खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळी मर्यादा असते. मधुमेह-रक्तदाब असेल तर विम्याच्या अर्जात लिहाच. लपवला तर दावा फेटाळायला आयतं कारण मिळतं. आणि जाहीर केला म्हणजे संरक्षण मिळालंच असंही नाही, अनेकदा जुन्या आजारासाठी फक्त जीवघेण्या प्रसंगीच पैसे मिळतात. ते कलम आधी वाचा.

दाखल केल्याबरोबर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. तपशीलवार बिल, डिस्चार्ज समरी आणि पासपोर्टची प्रत जपून ठेवा.