टॉलीगंजची तळी आणि आमच्या कॉलनीतील मोकळी जागा

गेल्या हिवाळ्यात पुतण्याकडे कोलकात्याला गेलो असता, टॉलीगंज या दक्षिणेकडील उपनगरातील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबचे मैदान पाहण्याचा योग आला. १८२९ साली स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून ओळखला जातो. जुन्या झाडांच्या सावलीतील त्या अठरा होलांच्या सपाट जमिनीवर जागोजाग तळी आहेत. खेळणाऱ्याला ती अडथळा वाटत असतील, पण मैदानावर पडलेला पाऊस त्यांतच उतरतो, हे पाहून मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. एप्रिल २०१६ मध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली पहिली रेल्वे ज्या लातूरकरांनी पाहिली, त्यांना माझे थांबणे समजेल.

मूठभर श्रीमंतांसाठी एवढी जमीन कशाला, तिथे घरे बांधावीत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. क्लबचे दार सर्वांना खुले नसते, हा आक्षेप खरा आहे, आणि तो दारापुरताच धरावा. त्यासाठी जमीन गिळू नये. शिवाय गोल्फपटू एस. एस. पी. चौरसिया हा याच मैदानाची हिरवळ राखणाऱ्या ग्रीनकीपरचा मुलगा. तिथेच खेळ शिकून त्याने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोलकात्यात वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आपल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे मराठवाड्यात पिण्याच्या पाण्यावर हिरवळ पोसणे मला कधीही मान्य होणार नाही. तिला शुद्ध केलेले सांडपाणीच द्यावे. तिथून आपण घ्यायचे आहे ते मोकळ्या जमिनीत पाणी मुरू देणे.

आमच्या लेआउटच्या नकाशावरील ओपन स्पेसमध्ये पूर्वी पावसाळ्यात घोटाभर पाणी साचायचे आणि लगतच्या आडाला मार्चपर्यंत पाणी असायचे. जागा सिमेंटने झाकल्यापासून तो आड डिसेंबरातच तळ गाठतो. निम्मे सिमेंट उखडून तिथे शोषखड्डे घ्यावेत, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. कॉलनीतील ज्यांना सही करायची असेल, त्यांनी शनिवारपर्यंत घरी यावे.