पर्सेंटाइलला शिव्या घालण्याआधी

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की तिकडून, महाराष्ट्रातून, दरवर्षी तोच सूर ऐकू येतो. आमच्या मुलाला २०० पैकी १३० पडले, दुसऱ्या सत्रातल्या, म्हणजे वेगळी प्रश्नपत्रिका सोडवलेल्या, १२० वाल्याला त्याच्यापेक्षा जास्त पर्सेंटाइल मिळाले, हा अन्याय आहे. पर्सेंटाइल बंद करा आणि पडलेल्या गुणांवरच प्रवेश द्या. वर हमखास जोडलेलं वाक्य असतं: अमेरिकेत असलं काही खपवून घेतील का?

घेतात. याहून वाईट खपवून घेतात, दर मार्चमध्ये, साऱ्या देशासमोर.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कॉलेज बास्केटबॉलच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. प्रत्येकाचे तीसेक सामने होतात आणि कुणाचेही प्रतिस्पर्धी दुसऱ्यासारखे नसतात. म्हणजे प्रत्येकाची प्रश्नपत्रिकाच वेगळी. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा ६८. २०२५ मध्ये त्यातल्या ३१ जागा आपापली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचा गट, जिंकणाऱ्यांना आपोआप मिळाल्या, उरलेल्या ३७ बारा जणांच्या समितीने वाटल्या. नुसते विजय मोजून जागा द्या, असं इथे कुणी जाणकार म्हणत नाही. २५ विजय मिळवले ते कुणावर आणि कुठे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ‘पडलेले गुणच खरे’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

अवघड आहे ते पुढचं: प्रतिस्पर्ध्याचा दर्जा मोजायचा कसा? १९८१ पासून २०१८ पर्यंत त्यासाठी आरपीआय नावाचा आकडा होता. स्वतःच्या विजयांच्या टक्केवारीला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला ५०, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला २५. कागद-पेन्सिल घेऊन काढता येई. पण तीन चतुर्थांश वजन दुसऱ्यांच्या कामगिरीला, त्यामुळे अगदीच दुबळ्या संघाला हरवलं तर जिंकूनही आकडा घसरायचा. मग कॉलेजं तळातले संघ टाळून दुबळ्या कॉन्फरन्समधले, पण तिथे भरपूर जिंकणारे संघ आपल्या घरी बोलवू लागली. हरवायला सोपे, गणितात जड.

२०१८-१९ च्या हंगामापासून त्याच्या जागी नेट ही क्रमवारी आली. २०२० मध्ये तिच्यातले पाच घटक कमी करून दोन ठेवले. एक टीम व्हॅल्यू इंडेक्स, म्हणजे कुणाला कुठे हरवलं त्याची किंमत. दुसरा नेट एफिशियन्सी: दर शंभर पझेशनमागे, म्हणजे चेंडू शंभर वेळा ताब्यात आल्यावर, केलेले पॉइंट वजा दिलेले पॉइंट, आणि त्यात प्रतिस्पर्धी आणि मैदान पाहून केलेली दुरुस्ती. गोम इथेच आहे. काढून टाकलेल्या घटकांत पॉइंटांचा फरक दहापर्यंतच धरणारा एक होता. एफिशियन्सीला तसा लगाम नाही. दुबळ्या संघाला चाळीस पॉइंटांनी तुडवणारा वर चढतो. सामना हातात आल्यावर राखीव मुलांना खेळवणारा कोच आपल्याच संघाचा आकडा खाली आणतो.

या क्रमांकांवरून प्रत्येक सामना चारपैकी एका क्वाडमध्ये, म्हणजे अवघडपणाच्या गटात, पडतो. क्वाड वन म्हणजे आपल्या मैदानावर १ ते ३० क्रमांकाचा प्रतिस्पर्धी, तटस्थ मैदानावर १ ते ५०, परक्या मैदानावर १ ते ७५. नोव्हेंबरमध्ये घरी हरवलेला संघ मार्चपर्यंत ३० वरून ३१ वर घसरला, तर तुमचा तो विजय क्वाड टूमध्ये जातो. तुम्ही काहीच केलेलं नसतं. मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांना क्वाड वनचे सामने वेळापत्रकातच मिळतात. छोट्या कॉलेजांकडे ते बोटांवर मोजण्याइतके, कारण मोठे संघ त्यांच्या मैदानावर फिरकत नाहीत. पैसे देऊन त्यांनाच आपल्याकडे बोलावतात.

२०२४ मध्ये इंडियाना स्टेटचे २८ विजय आणि ६ पराभव होते, नेटमध्ये पहिल्या तिसात जागा होती, तरी तो संघ बाहेर राहिला. पन्नाशीपलीकडची व्हर्जिनिया आत आली आणि डेटनमध्ये कोलोराडो स्टेटकडून ६७-४२ अशी हरली. पुढच्या वर्षी क्वाड वनच्या तेरा सामन्यांत एकच जिंकलेली नॉर्थ कॅरोलायना आत, सहा जिंकलेली वेस्ट व्हर्जिनिया बाहेर. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष नॉर्थ कॅरोलायनाचेच क्रीडासंचालक. नियमाप्रमाणे आपल्या कॉलेजच्या चर्चेत ते नव्हते, तरी वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी अ‍ॅटर्नी जनरलना चौकशी करायला सांगितलं.

त्या हंगामापासून समितीच्या तक्त्यात वॅब (विन्स अबव्ह बबल), म्हणजे सीमेवरच्या संघापेक्षा किती जास्त विजय, हा आकडाही असतो. जेमतेम निवडीच्या सीमेवरचा संघ एखादा सामना ३० टक्के वेळा जिंकेल असा अंदाज असेल, तर जिंकल्यास ०.७ मिळतात, हरल्यास ०.३ जातात. फरकाला किंमत नाही, निकालाला आहे. माझ्या मते आतापर्यंतचं हेच सर्वांत रास्त माप.

आता आपलं पर्सेंटाइल. त्या सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण असलेले किती, भागिले सत्रात बसलेले किती, गुणिले शंभर. दहावीतल्या मुलाला कळेल असं सूत्र, आणि ते जाहीर आहे. नेटचं संपूर्ण सूत्र जाहीर नाही. तिकडे सोपं सत्र पैसे देऊन ठरवता येत नाही. इथे सोपा प्रतिस्पर्धी उघडपणे पैसे देऊन आणतात. मग लाज कुणी वाटून घ्यायची?

कच्चा दुवा आहे, पण तुम्ही दाखवता तो नव्हे. प्रत्येक सत्रात हुशार आणि कच्च्या मुलांचं मिश्रण सारखंच आहे, हे पर्सेंटाइल गृहीत धरतं. एका सत्रात तयारीची मुलं जास्त आली, तर चांगला पेपर लिहूनही मागे पडायला होतं. वीस हजारांच्या सत्रात एक मूल म्हणजे ०.००५ पर्सेंटाइल, पाच हजारांच्या सत्रात ०.०२, आणि यादी लागते सात दशांशांवर. भांडायचं तर इथे भांडा. प्रत्येक सत्राचा तक्ता मागा: किती बसले, सरासरी किती, कोणत्या गुणाला कोणतं पर्सेंटाइल. पडलेल्या गुणांवर प्रवेश दिलात, तर अवघड सत्रातल्या मुलांना सरळ मागे ढकलाल.

एवढ्या तावातावाने लिहिण्याचं कारण लपवण्यात अर्थ नाही. या ६८ संघांत माझं म्हणावं असं एकही कॉलेज नाही. इंडियाना स्टेटवरचा अन्याय मला पटतो, पण झोंबत नाही. कॅपच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, कटऑफ याद्या मात्र मी अजूनही उघडून बघतो: सीओईपीचं कम्प्युटर कितीवर बंद झालं, व्हीजेटीआय किती, सांगलीचं वालचंद किती. त्या याद्यांना तिथलंच कुणी खोटं म्हणतं आणि वर अमेरिकेचा दाखला देतं, ते झोंबतं.