युनिट तेवढेच, बिल जास्त!

एप्रिलचा नवा वीजदर बिलावर चढला की घरात वाद ठरलेला: "पंखा कोणी चालू ठेवला?" अहो, कोणीच नाही! दर बदललाय. दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाचा आदेश शेकडो पानांचा, आणि बातमीत काय, तर 'सरासरी वाढ इतके टक्के'. त्या सरासरीवरून माझ्या घराचं बिल कसं काढायचं?

महाराष्ट्रात 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 ला थेट दुसरा, मग 301 ते 500, मग त्यापुढचा. बरं, नुसता वीज आकार पाहून भागत नाही. दरमहा ठरलेला स्थिर आकार, वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार, शिवाय इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा इंधन समायोजन आकार कधी किती लागेल याचा नेम नाही. वर या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे दर वाढला की शुल्कही आपोआप वाढलं!

आणि सरासरी बिल वाढलं म्हणून वाढीव सुरक्षा ठेवीचं (वीज कंपनीकडे ठेवायच्या अनामत रकमेचं) वेगळं बिल, तेही नेमकं शाळेच्या फीच्या तोंडावर. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माझ्या आईने महिन्याचा मेळ घालायचा तरी कसा? जुना दर, नवा दर, तुमच्या घराला पडणारा फरक. एवढ्या तीन ओळी ठळक मराठीत बिलावर छापा ना!