माल ठेवून जा, पैसे नंतर बघू

आज दुपारी पुण्यातल्या हस्तकलेच्या एका नावाजलेल्या दुकानात जे ऐकले, त्याने अजून डोके शांत झालेले नाही. कोल्हापूरकडून आलेला एक तरुण कारागीर पिशवीतून चपलांचे जोड काढून काउंटरवर मांडत होता. मालकीणबाईंनी एकेक जोड उलटसुलट करून पाहिला, कामाचे कौतुक केले, दरही फारसा पाडून मागितला नाही आणि शेवटी म्हणाल्या, "दादा, माल ठेवून जा. विकला गेला की पैसे पाठवते." त्याने चाचरत विचारले, "मॅडम, थोडं तरी आत्ता मिळंल का?" तेव्हा आमच्याकडे सगळ्यांसाठी हीच पद्धत आहे, असे उत्तर आले. त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की, इथली प्रत्येक खरेदी एका कारागिराचे घर उभे करते.

हस्तकलेतल्या न्याय्य व्यापाराविषयी, म्हणजे कारागिराला त्याच्या कामाचा रास्त मोबदला देणाऱ्या व्यवहाराविषयी, आपण मित्रमंडळी इतके बोलतो, पण सगळे बोलणे किमतीपाशी येऊन थांबते. घासाघीस करू नका, दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ देत, असे आपण एकमेकांना सांगतो. ते योग्यच आहे. परंतु कारागिराच्या घरात पैसे किती आले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते केव्हा आले याला महत्त्व असते, आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही.

माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातले. आमच्या घरामागच्या गल्लीत चपला करणारे एक कुटुंब राहते. त्यांना मी लहानपणापासून दादा आणि वहिनी म्हणते. दादा तळ कापतात, ठोकतात, चामड्याच्या वादीने शिवतात. वहिनी वेणी घालतात. कातड्याच्या बारीक पट्ट्या पाण्यात भिजवून, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरून त्या इतक्या झरझर विणतात की, बघणाऱ्याला बोटे मोजता येत नाहीत. चपलेची शोभा असते ती ही वेणीच, आणि ती घालणाऱ्या बाईचे नाव दुकानातल्या कुठल्याही चिठ्ठीवर नसते. अनेक वर्षे हे घर एकाच व्यापाऱ्याच्या उधारीवर चालत होते. कातडे त्याच्याकडून उधार आणायचे, तयार जोड त्यालाच घालायचे आणि हिशेबाला बसले की कातड्याचा भाव त्याचा आणि चपलेचा भावही त्याचाच. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, गिऱ्हाईकही आटते, त्यामुळे आषाढ-श्रावणात घेतलेली उचल दिवाळीपर्यंत फिटत नसे. दादांच्या हातात कसब होते, मागणी होती, भावही अगदीच पडलेला नव्हता; तरीही ते कायम कुणाचे तरी देणेकरीच राहिले.

मग माझ्या जर्मनीतल्या मावसबहिणीच्या ओळखीने तिथल्या एका न्याय्य व्यापाराच्या दुकानाची मागणी आली. मागणी काही फार मोठी नव्हती. पण त्या दुकानाने जोड पाहण्याआधी निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ पाठवली. दादा बँकेतून आले तेव्हा मी तिथेच होते. मला म्हणाले, "ताई, पैसं आधी हातात आलं की कातडं रोखीनं घेता येतंय. मग तेची बोलणी ऐकून घ्याय लागत न्हाईत." कातडे स्वस्त पडले हा फायदा झालाच, पण त्यांनी आधी उल्लेख केला तो बोलण्यांचा. ज्या चर्मकार समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली, त्याला उधारीपायी काय काय ऐकून घ्यावे लागते, हे मी वेगळे सांगायला नको.

ही निम्मी आगाऊ रक्कम म्हणजे त्या जर्मन दुकानाचा मोठेपणा नव्हता, तो नियम आहे. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या दहा तत्त्वांमध्ये तो स्पष्ट नोंदवलेला आहे: हस्तकलेच्या कारागिराने मागितल्यास किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. या चळवळीच्या मुळाशी गेलात तरी हीच गोष्ट दिसते. बांगलादेशातले 'आडोंग' हे हस्तकलेच्या दुकानांचे जाळे आज तिथल्या मोठ्या नाममुद्रांपैकी एक आहे. ते 1978 मध्ये सुरू झाले याचे कारण असे की, माणिकगंजच्या गरीब रेशीम उत्पादक बायकांना ढाक्यातले दुकानदार आठवडेच्या आठवडे, महिनोन्‌महिने पैसे देत नसत. तिथल्या 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने ठरवले की, माल हातात आला की पैसे द्यायचे, विक्रीची चिंता आपण वाहायची. त्याही आधी, 1946 मध्ये, एडना रूथ बायलर ही अमेरिकन बाई पोर्तो रिकोतल्या बायकांचे भरतकाम आपल्या गाडीतून नेऊन ओळखीपाळखीत विकू लागली आणि तिथून पुढे 'टेन थाउजंड व्हिलेजेस'सारखी न्याय्य व्यापाराची दुकाने उभी राहिली. आपल्यासारख्या ओळखीपाळखीतूनच सुरुवात झाली, म्हणून हे उदाहरण मला जवळचे वाटते.

आता कुणीतरी म्हणेल की, दुकानदारालाही भाडे असते, पगार असतात, पडून राहिलेल्या मालाचा भार असतो. असतो, मान्य. परंतु तो भार पेलण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याच पाठीवर तो संपूर्ण टाकायचा आणि वर भिंतीवर त्याच्या घराविषयी वाक्य लिहायचे, हे मला सहन होत नाही. महिनोन्‌महिने कारागिराचे भांडवल वापरून दुकान सजवायचे, त्यावर एक पैसा व्याज द्यायचे नाही आणि त्याला आधार म्हणायचे! कर्ज देणारा कारागीर असतो, दुकान नव्हे.

आणि कायदा? 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लागते. पण घरात बसून वेणी घालणाऱ्या वहिनींची नोंदणी कुठे झाली आहे? शिवाय 'विकला गेला तर पैसे' या बोलीवर दिलेला माल दुकानाने विकत घेतलेलाच नसतो. मग 45 दिवस मोजायचे तरी कुठून?

2025 च्या जून महिन्यात इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले. तो राग खरा होता आणि योग्यही होता. मात्र परदेशी कंपनीने नाव चोरले म्हणून भडकणारे आपण, आपल्याच शहरातले दुकान कारागिराचे पैसे अडकवून ठेवते तेव्हा काहीच कसे बोलत नाही? आज त्या दुकानात माझ्याखेरीज आणखी गिऱ्हाइके उभी होती. सगळ्यांनी ते बोलणे ऐकले.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या मालकीणबाई दुष्ट नाहीत. त्यांनी जोड ज्या मायेने हातात घेतला होता, ती खोटी नव्हती. त्यांच्या आधीच्या दुकानदारांनी हीच रीत पाडली आणि त्यांनी ती तशीच पुढे चालवली. निदान आलेल्या मालाच्या निम्म्या किमतीपासून सुरुवात करणे त्यांना जड जाणार नाही, असे मला मनापासून वाटते, आणि ते मी त्यांना पत्राने कळवणार आहे.

दादांकडे आता परदेशची मागणी दर वर्षी येतेच असे नाही. तो सगळा व्यवहारही फार थोड्या कारागिरांपर्यंत पोहोचतो, हे कबूल करायला हवे. पण त्या एका आगाऊ रकमेनंतर त्यांनी व्यापाऱ्याची उचल फेडली ती फेडलीच. धाकटीची बारावीची फी त्या वर्षी वेळेवर भरली गेली. वहिनींनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर खाते उघडले, कारण वेणीची मजुरी वेगळी लिहायची, अशी त्या दुकानाची अट होती.

दिवाळीनंतरच्या लग्नसराईसाठी ज्यांना जोड हवे असतील, त्यांनी पायाचे माप आणि निम्मी रक्कम याच महिन्यात आपापल्या ओळखीच्या कारागिराकडे पोहोचवावी. कातड्याची खरेदी आत्ताच करावी लागते. ओळखीचे कुणी नसेल त्यांनी मला निरोप पाठवावा. दादांना विचारून मी त्यांचा नंबर देईन. बाकीची रक्कम जोड हातात पडल्याच्या दिवशी द्यायची, एवढे पाळणार असाल तरच.