उड्या मारणारं पिल्लू डोक्यावर बसत नसतं

दर दोन-तीन महिन्यांनी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत येतो. अंगावर उड्या मारणारा कुत्रा तुमच्यावर सत्ता गाजवतोय, त्याला उताणा पाडून मान दाबून धरा, त्याच्या आधी तुम्ही जेवा, आणि खाऊ देऊन शिकवलंत तर त्याला लाचेची सवय लागेल. परवा नुकतंच पिल्लू आणलेल्या एका ताईंनी त्याखाली ‘आजपासूनच करून बघते’ असं लिहिलं. ताई, कृपा करून करू नका.

सत्तेची ही गोष्ट लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून वर्चस्वाची उतरंड मांडली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी ती १९७० च्या आपल्या पुस्तकात घेतली, त्यामुळे ती जगभर पसरली. पुढे याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच दुरुस्ती केली: कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, म्हणजे साधं कुटुंब. पिल्लू उडी मारतं कारण त्याला तुमच्या तोंडापाशी यायचं असतं; कुत्र्यांचं भेटणंच तसं. आपण हात झाडत ‘अगं नको, नको’ ओरडतो, त्याला वाटतं खेळ सुरू झाला.

उताणं पाडण्याचा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्याच्या वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला असं पाडलं होतं, त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. मारणाऱ्यांत हेच प्रमाण ४३ टक्के. त्या वेळी आपला चेहरा त्याच्या दातांपासून किती लांब असतो, याचा विचार करा. घरात लहान मूल असेल तर ते हे बघून स्वतःही करू जाईल.

आधी कोण जेवतं, याने कुत्र्याला काडीचा फरक पडत नाही. पण जेवणाची वाटी कामाची आहे. आमची कुत्री गुंडी सात महिन्यांची असताना वाटी दिसली की हातावरच झेप घ्यायची, अर्धा भात फरशीवर. मग मी वाटी हळूहळू खाली नेऊ लागले. ती उठली की वाटी वर. बसली की पुन्हा खाली. तोंडाने एक शब्द नाही. पहिल्या संध्याकाळी अकरा वेळा वाटी वर-खाली झाली. बाराव्या वेळी तिचे पुढचे पाय थरथरत होते, शेपूट फरशी झाडत होती, पण बूड टेकलेलं राहिलं. वाटी खाली ठेवली आणि ‘घे’ म्हटलं. आठवड्याभरात ती वाटी बघून आपणहून बसायला लागली.

आणि लाच? लाच काम होण्याआधी दाखवतात. खाऊ खिशात ठेवा, चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. जमायला लागलं की तुकडे कमी करत जा; बक्षीस म्हणून दार उघडणं, पट्टा लावणं, खांबापाशी मनसोक्त हुंगू देणंही चालतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की पिल्लाने उडी मारली तर पाठ फिरवायची, बसलं तर लाड. यात घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं, कारण एकट्या आजोबांनी उडीला गोंजारलं तरी ती उडी टिकते. सुरुवातीला उड्या वाढतात, कारण नेहमीचा उपाय चालेना की पिल्लू आणखी जोर लावून बघतं. तिथेच बरेच जण सोडून देतात.

आठव्या महिन्याच्या आसपास ऐकणं कमी झालं तरी घाबरू नका. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात याच वयाची पिल्लं मालकिणीचं किंवा मालकाचं ‘बस’ ऐकायला जास्त वेळ लावताना दिसली, अनोळखी माणसाचं मात्र नीट ऐकत होती. हे वय सरतं.

तर ताई, आज संध्याकाळी वाटीपासूनच सुरू करा. पहिल्या दिवशी एक सेकंद थांबलं तरी वाटी खाली ठेवा.